दोन वेताळ

कल्पित गोष्ट ही असत्य असते काय? आणि ती असत्य असेल, तर लहान मुलांच्या हाती ती देणाऱ्या आईबापांवर व शिक्षकांवर काही दोष येतो काय? वरवर पाहता हा प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि प्लेटोसारख्या तत्त्वचिंतकाने आपल्या आदर्श नगरराज्यातून कवींना निरोप देताना याच प्रश्नाचा ऊहापोह केला होता, आणि गेल्या वर्षभरात आमच्या मावळातील लहानशा धर्मग्रामातही तो ऐरणीवर आला आहे. निमित्त घडले ते चित्रांच्या पुस्तकांचे. परदेशी स्थायिक झालेले एक कुटुंब सुटीत गावी आले असता त्यांनी आपल्या मुलांची वाचून झालेली पुस्तके धर्मग्रामाच्या वाचनालयास भेट दिली. त्यांत जेफ स्मिथ या अमेरिकन चित्रकाराच्या 'बोन' या अद्भुतरम्य चित्रकादंबरीमालेचे नऊ खंड होते. मुलांनी त्यांचा फडशा पाडला आणि पाठोपाठ तक्रार आली : या पुस्तकांत ड्रॅगन आहे, स्वप्नांतून माणसाला वश करणारी दुष्ट शक्ती आहे, दारूचा गुत्ता आहे, ख्रिस्ती कुटुंबात असले वाचन असावे काय?

तक्रार करणाऱ्या भगिनी समंजस आहेत. आपल्या मुलाच्या मनात काय शिरते याची काळजी वाहणारी आई हा चेष्टेचा विषय नव्हे. आजच्या काळात, जेव्हा मुलाच्या हातातील यंत्रातून काय येते याची दाद ना फिर्याद, तेव्हा कोणी तरी पुस्तकाबद्दल तक्रार करीत आहे याचेच मला प्रथम समाधान वाटले. परंतु तक्रारीचे उत्तर द्यावयाचे तर प्रश्नाच्या मुळाशी जावयास हवे, आणि मुळाशी जाताना मला माझ्या लहानपणचे दोन वेताळ आठवले.

माझ्या वयाच्या वाचकांना ते दोघेही परिचित असतील. घाट चढून आलेल्या गाडीची मागची इंजिने लोणावळ्यास सुटत. तेवढ्या अवधीत फलाटावरील पुस्तकांच्या स्टॉलपाशी मुलांची झुंबड उडे. तेथे दोरीवर दोन प्रकारची मासिके लटकत असत. एक 'चांदोबा'. मूळ तेलुगू व तामिळ मासिक जुलै १९४७ मध्ये मद्रासेस निघाले आणि एप्रिल १९५२ पासून ते मराठीतही येऊ लागले. त्यातील विक्रम आणि वेताळ यांची लेखमाला शंकर या चित्रकारांच्या चित्रामुळे अजरामर झाली : हाती तलवार, खांद्यावर प्रेत आणि मुद्रेवर भीतीचा लवलेश नसलेला राजा. (हे शंकर २०२० साली नव्वदी ओलांडून निवर्तले.) दुसरे होते 'इंद्रजाल कॉमिक्स'. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि ८०३ अंकांनंतर १९९० साली ती बंद पडली. तिचा नायक म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला 'फँटम'. मराठी अनुवादकाने त्याचे नाव ठेवले 'वेताळ'. हे नामकरण करणाऱ्याची मला फार दिवस असूया वाटत आली आहे. कोकणातील आरवलीच्या वेतोबाला भाविक प्रचंड आकाराच्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाभोवती फिरून राखण करतो अशी त्यांची समजूत. पुण्यात तर टेकडीलाच वेताळाचे नाव आहे. चालता फिरता, न मरणारा, जंगलाचा राखणदार अशा परदेशी पात्राला याहून चपखल मराठी शब्द कोणता मिळणार होता?

नाव एकच, तरी हे दोन वेताळ स्वभावाने अगदी भिन्न. त्या भिन्नतेकडे मी पुढे येणारच आहे. आधी असत्याचा प्रश्न निकालात काढू.

संत अगस्तीन हे असत्याच्या बाबतीत ख्रिस्तसभेतील सर्वांत कठोर आचार्य. प्राण वाचविण्यासाठीही खोटे बोलू नये, असे त्यांचे मत होते. तारुण्यात आपण डायडो राणीच्या कल्पित मरणासाठी अश्रू ढाळले पण स्वतःच्या आत्म्यासाठी ढाळले नाहीत, याची खंत त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात व्यक्त केली आहे. म्हणजे कल्पित कथांचे ते भाबडे चाहते नव्हते. असे असूनही 'असत्याविरुद्ध' या नावाच्या आपल्या ग्रंथात, सुमारे ४२० साली, त्यांनी बोलणाऱ्या उंदरांच्या आणि कोल्ह्यांच्या गोष्टींना असत्याच्या यादीतून स्पष्टपणे वगळले. त्यासाठी त्यांनी आधार दिला तो पवित्र शास्त्राचाच. शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथाम गरिज्जीम डोंगरावर उभा राहून शखेमच्या लोकांना एक गोष्ट सांगतो. झाडे आपल्यासाठी राजा निवडावयास निघतात. जैतून नको म्हणतो, अंजीर नको म्हणतो, द्राक्षवेल नको म्हणते आणि अखेरीस काटेरी झुडूप राजा होते. झाडे चालत नाहीत, बोलत नाहीत, मतदान तर मुळीच करीत नाहीत, हे योथामाला ठाऊक होते आणि त्याच्या श्रोत्यांनाही. फसविण्याचा हेतू नाही आणि फसणारा कोणी नाही. मग असत्य कोठे राहिले? उलट सत्तर भावांची हत्या करून गादीवर बसलेल्या अबीमलेखाविषयी उघडपणे बोलणे जेव्हा जिवावर बेतणारे होते, तेव्हा सत्य बोलण्यासाठी बोलणाऱ्या झाडांचाच आश्रय घ्यावा लागला. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगितली तीही याच जातीची.

तेव्हा ड्रॅगन बोलतो म्हणून पुस्तक खोटे, हा आक्षेप आपल्याच धर्मग्रंथापुढे टिकत नाही. जे. आर. आर. टोल्किन हे तर निष्ठावंत कॅथलिक. परीकथांवरील १९३९ सालच्या आपल्या व्याख्यानात त्यांनी याच्या पुढे पाऊल टाकले. मनुष्य निर्मात्याच्या प्रतिमेत निर्माण झाला असल्यामुळे त्यालाही दुय्यम जग निर्माण करण्याची ओढ असते, असा त्यांचा युक्तिवाद. तो मला सर्वस्वी पटतो असे नाही. निर्मितीची हौस आणि निर्मितीची जबाबदारी या दोन गोष्टी टोल्किन थोड्या लवकर एकत्र करतात. परंतु अद्भुताची ओढ ही काही अमेरिकेहून आलेली नवी साथ नव्हे, एवढे तर आपल्या मावळातही दिसून येते. मळवली स्टेशनावरून चालत भाजे लेण्यांकडे जावे. तेथील विहाराच्या ओसरीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची शिल्पे आहेत. एका बाजूस चार घोड्यांचा रथ आणि त्याखाली चिरडले जाणारे अगडबंब राक्षस. दुसऱ्या बाजूस महाकाय हत्तीवरील स्वार आणि हत्तीच्या सोंडेत मुळासकट उपटलेले झाड. खाली चिमुकली माणसे, गाणे-बजावणे आणि घोड्याच्या तोंडाची एक स्त्री. कोणी या जोडीला सूर्य आणि इंद्र म्हणतो, कोणी ती मांधाता राजाची बौद्ध कथा असल्याचे सांगतो; पंडितांचा वाद मिटलेला नाही. ज्या भिक्षूंनी संसाराचा त्याग केला होता, त्यांच्या निवासाच्या दारातच हे सारे अद्भुत कोरलेले आहे. पिंगुळीचे चित्रकथी कागदावरील चित्रे एकामागून एक दाखवीत रामायण-महाभारत सांगत आले, तेही लहानथोर सर्वांना एकत्र बसवून. आणि मराठीत मुलांसाठी छापील पुस्तके निघू लागली, तेव्हा आरंभीच्या पुस्तकांतच सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' होती. साल होते १८३०.

आपल्या ख्रिस्तसभेनेही चित्रांचा प्रश्न फार पूर्वीच हाताळला आहे. मार्सेयचे बिशप सेरेनुस यांनी आपल्या मंदिरांतील चित्रे फोडून टाकली, तेव्हा पोप पहिले ग्रेगरी यांनी इसवी सन ६०० च्या सुमारास त्यांना पत्र लिहिले. लोक चित्रांची पूजा करू लागले म्हणून तुम्ही अस्वस्थ झालात हे योग्यच, पण चित्रे फोडलीत हे गैर. अक्षरओळख असणाऱ्याला जे ग्रंथातून मिळते ते निरक्षराला चित्रातून मिळते, असा त्या पत्राचा आशय होता. काळजी रास्त, उपाय चुकीचा. हे वर्गीकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढील तेराशे वर्षांत ते वारंवार विसरले गेले.

विसरल्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेचे आहे, आणि त्यात आपल्या लोकांचाही वाटा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे चित्रकथांच्या मासिकांचा महापूर आला. त्यांत बीभत्स आणि क्रूर असे पुष्कळ होते, यात शंका नाही. डिसेंबर १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी सेंट पॅट्रिक शाळेच्या मुलांनी घरोघरी फिरून ही मासिके गोळा केली आणि शाळेच्या आवारात त्यांची होळी केली. जर्मनीतील ग्रंथांच्या होळीला तेव्हा उणीपुरी सोळा वर्षेही झाली नव्हती. त्याच सुमारास, १९४६ पासून, कॅथलिक शाळांतून 'ट्रेझर चेस्ट' नावाचे चित्रकथांचे मासिक वाटले जात होते व ते १९७२ पर्यंत चालले. एकाच समाजाच्या एका हातात काड्यापेटी होती आणि दुसऱ्या हातात कुंचला.

या मोहिमेला शास्त्रीय बळ मिळाले ते डॉ. फ्रेडरिक वर्थम यांच्याकडून. त्यांचे चित्रकथांवर जळजळीत टीका करणारे पुस्तक १९५४ साली प्रसिद्ध झाले, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे त्यांची साक्ष झाली आणि त्याच वर्षी घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर एक कडक आचारसंहिता लादून घेतली. वर्थम यांना दुष्ट ठरविणे सोपे आहे व अनेकांनी ते ठरविलेही. पण हा गृहस्थ दुष्ट नव्हता. १९४६ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एका प्रार्थनामंदिराच्या वास्तूतील तळघरात गोरगरीब कृष्णवर्णीयांसाठी मनोरुग्णांचा दवाखाना उघडला. फी होती पंचवीस सेंट. वर्णभेदाने विभागलेल्या शाळा मुलांच्या मनावर काय आघात करतात, याबद्दल त्यांनी न्यायालयात दिलेली साक्ष त्या शाळा बंद करणाऱ्या लढ्यात उपयोगी पडली. अशा कनवाळू माणसाने मुलांची बाजू घेऊन पुस्तक लिहिले. आणि मग २०१० साली त्यांचे कागदपत्र अभ्यासकांना खुले झाले. कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने मूळ टिपणे व छापील पुस्तक ताडून पाहिले आणि २०१२ साली दाखवून दिले की वर्थम यांनी मुलांच्या जबान्यांत फेरफार केले होते : कोठे एकाचे बोलणे अनेकांच्या तोंडी घातले, तर कोठे मुलाच्या घरातील मारहाण, हलाखी यांचे उल्लेख गाळून सारा दोष चित्रकथेच्या माथी मारला.

मला या प्रकरणात नीतिशास्त्राच्या दृष्टीने जे भयंकर वाटते, ते हे. चित्रकथेतील उडणारा माणूस कोणालाही फसवीत नव्हता. वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला तो कल्पित आहे हे कळत होते. फसविले ते त्याच्यावर टीका करणाऱ्या सत्प्रवृत्त ग्रंथाने, कारण तो सत्य म्हणून वाचला गेला. आणि त्या फसवणुकीची किंमत मोजली मुलांनीच. ज्यांच्या घरात मार होता, भूक होती, त्यांच्या घराकडे पाहण्याऐवजी सर्वांनी त्यांच्या दप्तराकडे पाहिले. सेमिनरीत आम्हाला शिकविले जाई की चांगल्या हेतूने वाईट साधन पवित्र होत नाही. हा धडा युद्धनीतीपुरता नाही, पुस्तकांच्या परीक्षणालाही तो लागू आहे.

आता 'बोन'कडे येऊ. १९९१ ते २००४ या काळात जेफ स्मिथ यांनी हे पंचावन्न अंकांत काळ्या शाईने, बव्हंशी स्वतःच छापून प्रसिद्ध केले. एकत्रित ग्रंथ तेराशेहून अधिक पानांचा आहे. आपल्या गावातून हाकलले गेलेले तीन चुलतभाऊ एका अनोळखी खोऱ्यात येऊन पडतात. एक भाबडा, एक हसरा आणि एक पराकोटीचा लोभी. तेथे त्यांना थॉर्न नावाची मुलगी, गाईंबरोबर धावण्याच्या शर्यती लावणारी तिची आजी, उंदरासारखे केसाळ राक्षस आणि फारसा न बोलणारा ड्रॅगन भेटतो. प्रारंभी हसविणारी गोष्ट हळूहळू युद्धाच्या, विश्वासघाताच्या आणि त्यागाच्या काळोखात शिरते. समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. चित्रकथांच्या क्षेत्रात प्रतिष्ठेची मानली जाणारी आयस्नर पारितोषिके तिला दहा वेळा मिळाली, 'टाइम' साप्ताहिकाने निवडक दहा चित्रकादंबऱ्यांत तिची गणना केली आणि २००५ पासून तिची रंगीत आवृत्ती शाळाशाळांत पोहोचली. शाळांत पोहोचताच तक्रारीही पोहोचल्या. मिनेसोटा राज्यात एका पालकाने २०१० साली मद्यपान, धूम्रपान व जुगार यांची चित्रे असल्यामुळे ही पुस्तके शाळेच्या ग्रंथालयातून काढावीत अशी मागणी केली. समितीने विचारविनिमय करून ती ठेवली. २०१३ साली अमेरिकन ग्रंथालय संघाने सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या दहा पुस्तकांची यादी दिली, तीत 'बोन' दहावे होते.

मी नऊही खंड वाचले. दोन रविवारांच्या दुपारी त्यांत गेल्या आणि एका संध्याकाळी धर्मशिक्षणाच्या शिक्षकांची बैठक मी दहा मिनिटे उशिरा सुरू केली. माझे मत असे की मधल्या खंडांत कथा रेंगाळते आणि भविष्यकथनाचे प्रकरण लेखकाच्या हातून काहीसे सुटते. परंतु लोभी चुलतभावाचे चित्रण मात्र अव्वल आहे. गावकऱ्यांच्या मनात ड्रॅगनची भीती घालून तो त्यांना लुबाडतो. जो ड्रॅगन त्यांचा खरा राखणदार, त्यालाच पकडून देतो असे आश्वासन देतो आणि लोक त्याच्यामागे जातात. भीती विकून पैसा व सत्ता कशी मिळविता येते, हे मी प्रवचनात वीस मिनिटे सांगितले तरी दहा वर्षांच्या मुलाला कळणार नाही. येथे ते हसता हसता कळते. गुत्ता आहे, हे खरे. पण दारू पिणे मोठेपणाचे लक्षण आहे, असे तेथे कोठेही सुचविलेले नाही. आमच्या लोणावळ्याच्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारींतून जे दिसते, त्याच्या तुलनेत बोनचा गुत्ता म्हणजे मठच म्हणावा लागेल.

तर मग अद्भुत चित्रकथा हानिकारक कधी होते? येथे मी माझ्या दोन वेताळांकडे वळतो.

इंद्रजालमधील वेताळाच्या कवटीच्या अंगठीत, त्याच्या गुहेत किंवा अमरत्वाच्या दंतकथेत मला आज काहीही घातक दिसत नाही. घातक आहे ते आम्हाला तेव्हा दिसलेच नाही. आफ्रिकेसारख्या दिसणाऱ्या जंगलात एका गोऱ्या घराण्याचा पुरुष एकवीस पिढ्या कवटीच्या सिंहासनावर बसतो, न्याय देतो, आणि तेथील काळे, बुटके लोक त्याच्या गुहेची राखण करतात. त्यांच्यातून कधी कोणी न्यायाधीश निपजत नाही. मूळ कथेतील चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग' होते. आपल्याकडे कोणी दुखावू नये म्हणून संपादकांनी ते 'सिंगा' केले, आणि 'बंगाला' या देशाचे 'डेंकाली' झाले. आपल्या नावाला धक्का लागू नये एवढी दक्षता घेतली गेली. आफ्रिकेच्या माणसाची दक्षता घेणारा त्या कचेरीत कोणी नव्हता, आणि मावळात वाचणाऱ्या आम्हा पोरांतही नव्हता. स्वातंत्र्य मिळून वीस-तीस वर्षे झालेल्या देशातील मुले गोऱ्या राजाच्या राज्यात सुखाने रमत होती.

मुंबईच्या 'अमर चित्र कथा'वरही असाच आक्षेप आला. अनंत पै यांनी १९६७ साली ही मालिका उभी केली ती स्तुत्य हेतूने : दिल्लीच्या दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता येईना, हे त्यांनी पाहिले होते. या पुस्तकांनी दोन पिढ्यांना पुराणे व इतिहास दिला. आपल्या मदर तेरेसांचे चरित्रही पुढे त्यांत आले. तथापि नंदिनी चंद्र, कार्लिन मॅक्लेन आदी अभ्यासकांनी या पुस्तकांतील वर्ण, जात व स्त्रीचे चित्रण यांची कसून चिकित्सा केली. देव आणि वीर उजळ, असुर काळेसावळे व बेढब, असा रंगांचा संकेत अनेक पुस्तकांत दिसतो. सावळ्या मुलीने हे पुस्तक मिटून आरशात पाहावे, तेव्हा तिला काय वाटत असेल? हा आक्षेप मी गंभीर मानतो. मात्र इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या दिवाणखान्यातील पवित्र हृदयाच्या तसबिरीकडेही नजर टाकावी. पॅलेस्टाईनच्या सुताराला सोनेरी केस आणि निळे डोळे कोणी दिले? तीच तसबीर आपण तीन पिढ्या मुलांना दाखवीत आलो आहोत, आणि ती चित्रकथा नसल्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रार कधी आली नाही.

म्हणून मला वाटते, वस्तूंविषयीचे असत्य आणि माणसांविषयीचे असत्य यांत भेद केला पाहिजे. घोडा उडतो असे वाचलेले मूल सातव्या वर्षी घोडा उडत नाही हे जाणते. त्याला कोणी दुरुस्त करावे लागत नाही. परंतु अमुक वर्णाचे लोक मूर्ख, अमुक प्रांताचे कपटी, हे चित्रातून मनात उतरले तर ते सत्तराव्या वर्षीही तेथेच असते. आणि ते सांगण्यासाठी जादूची मुळीच गरज पडत नाही. 'टिनटिन' ही जगप्रसिद्ध चित्रकथा १० जानेवारी १९२९ रोजी ब्रुसेल्सच्या एका कॅथलिक दैनिकाच्या बालपुरवणीत सुरू झाली. संपादक होते एक धर्मगुरू.  परंतु लगेच पुढच्या काळात आलेल्या काँगोच्या भागात आफ्रिकी माणसांना ज्या प्रकारे रंगविले आहे, ते आज पाहवत नाही. धर्मगुरूंच्या नजरेखालून हे पान छापावयास गेले आणि कोणाचेही मन खटकले नाही.

त्याच टिनटिनच्या इतिहासात दुसऱ्या एका धर्मगुरूचे नाव येते, आणि ते मला फार प्रिय आहे. चित्रकार एर्जे आपल्या नायकाला आता चीनला पाठविणार असे जाहीर झाले, तेव्हा लूव्हाँ विद्यापीठातील चिनी विद्यार्थ्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर गोसे यांनी त्यांना पत्र लिहिले. रूढ समजुतींवर विसंबून चिनी माणसाचे हसे करू नका, माझे विद्यार्थी दुखावतील, असे त्यांनी कळविले. ते एवढ्यावरच थांबले नाहीत. चित्रकाराची त्यांनी चांग चोंग-जेन या तरुण चिनी कलावंताशी गाठ घालून दिली. १९३४ पासून हे दोघे रविवारी भेटू लागले. चांगने एर्जेंना चिनी कुंचला धरावयास शिकविले, आपल्या देशावरील जपानी आक्रमणाची हकिगत सांगितली, आणि 'निळे कमळ' ही चित्रकथा जन्मास आली. तिच्यात चांग स्वतः एक पात्र आहे. टिनटिन आणि तो एकमेकांच्या लोकांविषयीच्या खुळ्या समजुती सांगून पोटभर हसतात. फादर गोसे यांनी पुस्तक जाळले नाही, बंदी मागितली नाही, की तक्रारही छापली नाही. त्यांनी ज्याचे चित्र काढावयाचे त्या माणसाला चित्रकारासमोर नेऊन बसविले. समीक्षेचे याहून मोठे काम मला ठाऊक नाही.

'चांदोबा'तील वेताळाचे वैशिष्ट्य आता ध्यानात येईल. तो उपदेश करीत नाही आणि ठोसाही मारीत नाही. गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो : यांत श्रेष्ठ कोण? दोष कोणाचा? उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकले होतील. राजा बोलतो, मौन सुटते, आणि प्रेतासह वेताळ पुन्हा झाडावर. इंद्रजालमधील वेताळाने प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. तेथे खल कोण हे पहिल्याच पानावर त्याच्या चेहऱ्यावरून कळे, आणि अखेरीस त्याच्या हनुवटीवर कवटीची खूण उमटे. मला तो आवडत नसे असे नाही. पण पुस्तक मिटल्यावर घरी बोलण्यासारखे काही उरत नसे. चांदोबाच्या गोष्टीवर मात्र आमच्या ओट्यावर भांडणे होत आणि त्यांत आजीही भाग घेई.

तक्रार करणाऱ्या भगिनींना मी एवढेच सुचविले की पहिला खंड त्यांनी स्वतः वाचावा. न वाचता पुस्तकाविषयी मत देणे हे शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देण्याच्या फार जवळ जाते. त्यांनी तो वाचला. त्यांचे समाधान झाले नाही. पण त्या पुन्हा आल्या त्या वेगळी आणि अधिक खोल शंका घेऊन. त्यांच्या मुलाने विचारले होते : ड्रॅगन जर खोटा, तर योनाला गिळणारा मासा तरी खरा कशावरून? "फादर, आज मासा गेला, उद्या पुनरुत्थान जाईल," त्या म्हणाल्या. "मी त्याला काय सांगू?"

खरी भीती ही होती. ती मी हसण्यावारी नेऊ शकत नाही, कारण असे घडताना मी पाहिले आहे. मात्र ज्या घरांत ते घडले, तेथे मुलांनी अद्भुत कथा फार वाचल्या होत्या असे नव्हे. तेथे त्यांच्या प्रश्नांना फार खोटी उत्तरे मिळाली होती. जेवत नाहीस तर बागुलबुवा येईल, हे वाक्य आपल्याकडे अजूनही श्रद्धाळू घरांत सर्रास बोलले जाते, आणि बोलणाऱ्याला ते कल्पित वाङ्मय वाटत नाही. मुलाने ते खरे मानावे असाच हेतू असतो. संत अगस्तीन यांच्या मोजपट्टीने असत्य ठरेल ते हे. मूल विचारते, "हे खरं आहे का?" तेव्हा ते आपल्यावर पूर्ण विश्वास टाकून विचारीत असते. गोष्ट असेल तर ती गोष्ट आहे असे सांगावे. साक्ष असेल तर साक्ष म्हणून सांगावे : कोणी पाहिले, कोणाला सांगितले, ते सांगताना कोणी प्राण दिला. प्रेषित पौलाने करिंथकरांना पुनरुत्थानाविषयी लिहिताना साक्षीदारांची नावे व संख्या दिली आहे. योथामाने झाडांची नावे दिली, साक्षीदार दिले नाहीत. दहा वर्षांच्या मुलाला हा फरक समजतो. आपल्याला तो समजावून सांगण्याचा कंटाळा असतो.

योनाविषयी त्या भगिनींना मी सांगितले की अनेक कॅथलिक भाष्यकार त्या पुस्तकाला बोधकथा समजतात आणि तसे समजणाऱ्याच्या श्रद्धेला बाध येत नाही. मात्र माशापाशी थांबू नये. मासा दुसऱ्या अध्यायातच योनाला किनाऱ्यावर ओकून मोकळा होतो. मग मुलाला घेऊन त्या एका रविवारी मिस्सानंतर आल्या आणि आम्ही तिघांनी चारही अध्याय वाचून काढले. अवघी तीन-चार पाने आहेत. निनवेचे लोक पश्चात्ताप करतात, परमेश्वर त्यांना क्षमा करतो आणि शत्रूला क्षमा झाली म्हणून योना रुसून नगराबाहेर बसतो. त्याच्यावर सावली धरणारे झुडूप एका रात्रीत सुकते, तेव्हा त्याला मरण बरे वाटते. पुस्तकाच्या अगदी शेवटी परमेश्वर त्याला विचारतो : ज्या झुडपासाठी तू काही श्रम केले नाहीस त्याची तुला कीव येते, मग एक लक्ष वीस हजारांहून अधिक माणसे आणि कितीतरी गुरेढोरे असलेल्या या नगराची मला येऊ नये काय?

मुलाने पान उलटले. पुढे मीखाचे पुस्तक सुरू झाले होते.

"योनानं काय उत्तर दिलं?" त्याने विचारले. आई माझ्याकडे पाहू लागली, आणि मी त्यालाच म्हटले, "तुला काय वाटतं?"